लोकवस्त्रच्या दारातला गफ्फार

अब्दुल गफ्फारचं अकोल्यात कापडाचं छोटं दुकान होतं, तेव्हा भाव ठरेस्तोवर चहा थंड होऊन जायचा. बाई म्हणायची महाग, तो म्हणायचा बोहनीची वेळ आहे, आणि शेवटी दोघंही खूश.

१९५७ साली समोरच 'लोकवस्त्र'ची शाखा उघडली. मुंबईच्या एका गिरणीनं देशभर अशी दुकानं काढली होती. मधला व्यापारी नाही, म्हणून कापड स्वस्त. भाव एकच, तोही छापलेला. वर्षभरात गफ्फारचं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून गेलं. दुकान मोडून तोही त्यांच्यामागं गेला, नोकर म्हणून.

आधी त्याला स्वतःच्या जिभेचीच धास्ती. "तुमच्यासाठी म्हणून..." एवढं तोंडातून निघालं की पुढचं तो गिळून टाकायचा. पण निभावलं. लोकवस्त्र वाढत गेलं. अमरावतीत शाखा निघाली, मग धामणगावात. कापडाच्या ठाणांच्या जोडीला शिवलेले सदरे, परकर आले. १९६८ मध्ये वरून हुकूम आला, गिऱ्हाइकानं माल स्वतःच उचलावा. नोकर कमी झाले तर भाव आणखी उतरतील. बरेच विक्रेते घरी गेले. गफ्फारला दारात स्टूल मिळालं. बाहेर जाणाऱ्याची पिशवी पाहायची, पावतीशिवाय माल निघाला तर मॅनेजर उत्तमरावांना हाक मारायची.

त्याला घास गोड लागेना. बायकोनं, हाजराबीनं, खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, चोर पकडला तर ओळखीच्या माणसाची अब्रू जाईल, सोडला तर आपली भाकर.

आणि एका बाजारच्या दिवशी बार्शीटाकळीच्या पार्बताबाई आल्या. त्यांच्या तिन्ही लेकींच्या लग्नाचं कापड गफ्फारनंच फाडलेलं. त्यांनी पिशवी आपणहून पुढं केली. आत हिरवं लुगडं होतं. पावती नव्हती.

आतून उत्तमराव इकडंच पाहत होते. बाईंच्या मागं माणसं खोळंबली होती. गफ्फार कसाबसा हळूच म्हणाला, "पार्बताबाई, याची पावती राह्यली वाट्टे."

"आत कोनी पैसे मांगलेच नाई, बापा," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, तुमी दारात बसून घेता." आणि कमरेची चंची सोडू लागल्या.

उत्तमराव उठले होते. ते पोचायच्या आत गफ्फारनं पिशवी उचलली, बाईंना गल्ल्यापाशी नेलं आणि पावती हातात पडेपर्यंत तिथून हलला नाही. दार तेवढा वेळ मोकळं राहिलं, म्हणून सगळ्यांदेखत बोलणी बसली. संध्याकाळपर्यंत तो नोकरी गेल्याचंच धरून बसला होता. सुट्टीच्या वेळी उत्तमराव एवढंच म्हणाले, "उद्यापासून आत येणाऱ्यालाच सांगत जा, पैसे कुठं भरायचे ते."

तेव्हापासून गफ्फार आत येणाऱ्या प्रत्येकाला गल्ला दाखवू लागला. बाहेर जाणाऱ्यांच्या पिशव्या तर पाहाव्याच लागत. पिशवीत हात घालताना त्याची छाती धडधडायची, ते नोकरी संपेपर्यंत थांबलं नाही.