दातअण्णांचं ‘खरं’

गाडी थांबली की दातअण्णा आधी सगळ्यांना पाण्याकडे तोंड करून रांगेत उभं करायचे आणि म्हणायचे, “आ करा.” लहान, मोठे, पाहुणे, कुणालाच सूट नाही. सकाळचं ऊन समोरून यायचं. खिशातून लांब दांडीचा इवलासा आरसा काढून ते रांगेतून फिरायचे आणि एकेकाच्या तोंडात डोकवायचे. “दवाखान्यातल्या दिव्यात दात लाजतात. उन्हात बघावेत.” माझ्या बाबांनी पहिल्यांदा विचारलं होतं, “डॉक्टर, आज रविवार ना?” अण्णा म्हणाले, “ते किडीला सांगा.” तपासणी संपली की “बंद!” अशी आरोळी. मग चहा. त्याआधी चहा नाही.

त्यांचं नाव डॉ. हुक्केरीकर. मल्लेश्वरमला एका जुन्या भाड्याच्या घरात पुढच्या खोलीत दातांचा दवाखाना, मागच्या दोन खोल्यांत संसार. मूळ गाव सीमेवरचं, त्यामुळे घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि चिडले की दोन्ही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बाबांना कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून बंगळूरला जे. पी. नगरात राहायला आलो. मी नववीत होते. दाढ ठणकायला लागली तेव्हा कुणीतरी सांगितलं, मल्लेश्वरमला मराठी बोलणारा दातवाला आहे. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आम्ही केवळ भाषेसाठी गेलो.

अण्णा तोंडात बघून म्हणाले, “दाढ वाचंल. खरं दुखंल.”

माझी आई घाबरली. “बघ, खरंच दुखणार म्हणतायत.”

बाहेरच्या बाकाशी बसून पेशंटांना वेळ देणारी त्यांची बायको, नलूअक्का, खो खो हसली. “तसं न्हवं हो. आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’. दाढ वाचंल, पण दुखंल, असं म्हणालेत.”

दुखलं नाही. इंजेक्शन देऊन अण्णांनी माझा अर्धा चेहरा नाहीसा केला आणि मग ते कायम सगळ्यांना सांगत ते मलाही सांगितलं, “भूल उतरेपर्यंत खाऊ नको, बोलू नको. गाल चावशील, रक्त येईल, आणि तुला कळणार पण नाही.” घरी जाईपर्यंत मी ओठ बोटानं दाबून बघत होते. ओठ होता. माझा नव्हता.

गाडीची गोष्ट अशी. अण्णांनी एक जुनी मेटाडोर घेतली होती ती खेड्यापाड्यांत दंतशिबिरं भरवायला. तिच्यात खुर्ची बसवली, पाण्याची टाकी बसवली, चूळ भरून थुंकायचं चिनीमातीचं भांडं बसवलं. काही वर्षं शिबिरं झाली. मग खुर्ची गंजली, अण्णांची कंबर धरली, शिबिरं बंद पडली. खुर्ची काढून तिथं त्यांनी दोन बाजूंना दोन फळ्यांचे पलंग ठोकले, मागं गॅसची छोटी शेगडी ठेवली, छपरावर ताडपत्री गुंडाळली. बाजूला रंगवलेलं ‘दंत कॅम्प’ त्यांनी अर्धंच पुसलं. ‘कॅम्प’ तेवढं राहू दिलं. त्या गाडीतून सुट्टीच्या दिवशी ते आणि नलूअक्का मुक्कामाला जायचे, आणि ज्याची दाढ भरून झालीय अशा कुठल्याही कुटुंबाला सोबत न्यायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. हे मी लिहितेय कारण लोक ते लगेच विचारतात. गाडीत त्याचा विषय कधी निघाला नाही.

पहिल्यांदा फोन आला तेव्हा आईनं घेतला आणि चेहरा वाकडा करून बाबांना म्हणाली, “रविवारी केराला चला म्हणतायत. आपण सुट्टीच्या दिवशी केर टाकायला जायचं?” केरे म्हणजे तळं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. अण्णांना हा किस्सा इतका आवडला की पुढं ते आईला बघितलं की म्हणायचे, “वहिनी, झाडू घेतला न्हवं?”

येलहंका मागं टाकून गाडी मातीच्या रस्त्याला लागायची आणि बांधावरच्या एका मोठ्या चिंचेखाली उभी राहायची. समोर पाणी. दूरवर एका कडेला गावची मंडळी गुरं धूत असायची. नलूअक्का चिनीमातीच्या त्या भांड्यात तांदूळ धुवायला घ्यायची आणि आई मान दुसरीकडे फिरवायची. अण्णा म्हणायचे, “उकळलंय ते. तुमच्या तोंडापेक्षा स्वच्छ आहे.” भात, हुळीसार म्हणजे तिकडची आंबट आमटी, दुपारी पत्ते. कुणी घड्याळ बघितलं की अण्णा ते काढून घ्यायचे आणि आरशाच्या डबीत ठेवायचे. “मुक्कामाला आलाय, बस पकडायला न्हवं.” परत निघताना शेगडीच्या विटांखालची राखसुद्धा बिस्किटाच्या डब्यात भरून गाडीत जायची. एकदा मी संत्र्याची साल टाकली. ती त्यांनी मला पाण्यातून शोधून आणायला लावली. “आपण गेल्यावर पाण्याला कळू नये कोण आलं होतं.”

हे वाक्य मी नंतर फार वापरलं. छापून वाटलं.

एप्रिलच्या सुट्टीत नलूअक्का पाण्यात उतरायची. पोहता येत नव्हतं. नऊवारी नाही, साधी पाचवारी, ती खोचून कमरेएवढ्या पाण्यात जाऊन नुसती उभी राहायची. हात पाण्यावर पसरलेले. मी तिच्या शेजारी. अण्णा काठावरून ओरडायचे, “नलू, मूळ धरशील!” ती म्हणायची, “धरू दे.” एप्रिल महिना, कमरेएवढं पाणी. हे वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

कॉलेजात गेल्यावर मी तळी वाचवणाऱ्या एका गटात सामील झाले. बंगळुरात तेव्हा एकेक तळं गायब होत होतं. आज पाणी, उद्या मातीचे ढीग, परवा पांढरे दगड रोवून प्लॉट. प्लॉटला तिकडे साइट म्हणतात. केरेचा केर कसा करतात, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. आधी कचऱ्याच्या गाड्या येतात. मग लोक म्हणतात, इथं घाणच आहे, बुजवा. घाण कोण टाकतं, हे विचारलं की विचारणाराच विकासाच्या आड येतो. माझी पत्रकं अशीच असायची. पहिलं मी मेटाडोरच्या पलंगावर बसून लिहिलं. अण्णांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, “पुणेकर, सगळी वाक्यं चावतायत. तोंडात सगळेच सुळे असून भागत न्हाई. चावायला सुळे, खरं चघळायला दाढा लागतात.” ते मला आयुष्यभर ‘पुणेकर’च म्हणाले. नाव त्यांना माहीत होतं.

मग आमच्या त्या तळ्याची पाळी आली. एका गृहनिर्माण संस्थेनं अर्ज केला की ही जागा वर्षानुवर्षं कोरडी पडीक जमीन आहे. सरकारी साहेब गावात येऊन लोकांचं ऐकून घेणार होते. गावातले कुणी बोलायला तयार नव्हते. काहींच्या जमिनीचा सौदा झाला होता, बाकीच्यांना साहेबाची भीती. आम्ही पोरं बोललो तर कॉलेजातली पोरं म्हणून हसणार. एक वयस्क, प्रतिष्ठित, कन्नड बोलणारा माणूस पाहिजे होता, ज्यानं ते पाणी प्रत्येक ऋतूत बघितलंय. असा माणूस एकच होता. तो बोलला असता तर तळं वाचण्याची शक्यता होती. तो नाही बोलला तर दुसरं काही नव्हतं आमच्याकडे.

मी दवाखान्यात गेले. खुर्चीत पेशंट आ करून बसला होता. मी दारातूनच विचारलं, “अण्णा, याल ना? बोलाल ना?”

अण्णा मान वर न करता म्हणाले, “येतो की. बोलतो. खरं...”

पेशंट कण्हला. ते वाकले. मी आनंदानं पायऱ्या उतरले. इतकी वर्षं त्यांचं मराठी ऐकूनही त्या दिवशी मी ते पुण्याच्या कानानं ऐकलं.

गावच्या शाळेच्या अंगणात सभा झाली. अण्णा आले, इस्त्रीचा शर्ट घालून, मेटाडोर घेऊन. साहेबांनी विचारलं, पाणी असतं का? अण्णा उभे राहिले आणि कन्नडमध्ये म्हणाले, “नीरु इदे, सर.” पाणी आहे. माझा ऊर भरून आला. मग म्हणाले, “आदरे...” आदरे म्हणजे पण. माझं कन्नड बेताचं, तरी तो एक शब्द मला त्यांच्याच मराठीत ऐकू आला. खरं.

“आदरे, उन्हाळ्यात स्वल्प.”

थोडं. साहेबांनी विचारलं, थोडं म्हणजे किती? अण्णांनी खाली वाकून आपल्या घोट्याला हात लावला.

संस्थेचा सेक्रेटरी हसत उठला. म्हणाला, डॉक्टर आमचेच सभासद आहेत, त्यांची साइट आहे आमच्याकडे, ते कशाला खोटं बोलतील? साहेबांनी लिहून घेतलं. मी ओरडले, “अण्णा, कमरेएवढं होतं!” मराठीत ओरडले. तिथं कुणाला कळलं नाही. ज्याला कळलं तो गाडीकडे चालायला लागला होता.

त्यानंतर मी गाडीत पाय ठेवला नाही. आईबाबा एकदा गेले, दुसरीकडे कुठं तरी. आई म्हणाली, “डॉक्टरांनी दात बघितलेच नाहीत ग. थेट चहा.”

तळं बुजायला वेळ लागला नाही. बांध फोडला, पाणी सोडून दिलं, चिंच तोडली. मी निषेधाला उभी होते. अंगावर धूळ उडत होती आणि मला वाटत होतं की मला राग येतोय. नंतर लक्षात आलं, तो आधीच संपला होता. मी फक्त घोषणा देत होते.

पुढच्या वर्षी अक्कलदाढ आली, आडवी. दुसरे दातवाले होतेच. तरी मी मल्लेश्वरमला गेले. का, ते मला सांगता येणार नाही. अण्णांनी काही विचारलं नाही. भूल दिली, दाढ काढली, कापूस कोंबला. मग हात धुता धुता, पाठमोरे, बोलायला लागले.

“बोलू नको. ऐक. त्या दिवशी तू विचारलंस, बोलाल ना. मी म्हटलं, बोलतो, खरं. तू पळालीस. वाक्य संपलं नव्हतं गे माझं.” नळ बंद केला. “खरं, नलूनं तिथं साइट घेतलीय. असं होतं ते वाक्य. मालक ही जागा खाली करा म्हणतोय. लग्न झाल्यापासून ती दुसऱ्याच्या दारात रांगोळी काढते. मला पाणी पाहिजे होतं, तिला दार पाहिजे होतं. दोन्ही एका जागी आलं, मी काय करू?”

माझ्याकडे उत्तर होतं. दार कुणाला नको असतं, अण्णा? गावच्या गुरांना पाणी नको होतं? आणि वाकून घोट्याला हात लावायची काय गरज होती, नुसतं गप्प बसायचं होतं. हे सगळं मी म्हणायला गेले. तोंडातून लाळ गळली, एवढंच. त्यांनी ती टिपली.

“चूक आहे माझी,” ते म्हणाले. “खरं...”

मी वाट बघितली. त्यांनी माझा जबडा धरून मिटवला. “कापूस दाबून धर. भूल उतरेपर्यंत बोलू नको.”

ते आमचं शेवटचं बोलणं.

तळ्यात घर झालं. दोन खोल्या, वर गच्ची, दाराला हिरवा रंग. पहिल्याच पावसाळ्यात जमिनीतून पाणी झिरपलं आणि फरशा ओल्या राहायला लागल्या, असं आई सांगायची. अण्णा म्हणे बरेचदा दारातल्या मेटाडोरमध्येच झोपायचे. तिची चाकं बसली होती. तिथंच एका सकाळी नलूअक्का चहा घेऊन गेली, तर ते उठले नाहीत.

तेराव्याला आम्ही गेलो. मी प्रथमच ते घर बघितलं. हॉलमध्ये सतरंज्या, खिडकीतून पांढऱ्या दगडांच्या रांगा. मी अंदाज घेतला, चिंच कुठं होती, नलूअक्का पाण्यात कुठं उभी राहायची. बहुधा स्वयंपाकघराच्या जागी. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. खालचा ओठ मी बोटानं दाबून बघितला.

जेवणं झाल्यावर गाडीतून पूर्वी आलेली सगळी घरं बसली. कुणीतरी म्हणालं, “तू बोल ग दोन शब्द. तुला सवय आहे.” मी उभी राहिले. सवय आहे मला. चौकात, फाटकासमोर, पोलिसांसमोर बोलते मी.

“अण्णांनी आम्हाला इथं पहिल्यांदा आणलं,” मी म्हणाले. “आमच्या सगळ्या सुट्ट्या त्यांनी दिलेल्या आहेत. फार चांगला माणूस होता. खरं...”

तिथं मी थांबले. पुण्याकडच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबा म्हणाले, “अगदी खरं.” आईनं डोळ्यांना पदर लावला.

नलूअक्का भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, पुढचं ऐकायला.