खांबावरचं केशरी लुगडं

परवा आईला घेऊन मुंबईहून विमानाने सोलापूरला आले. तिचा पहिलाच विमानप्रवास, म्हणून खिडकी तिची. जमीन जवळ आली तशी वारा दाखवणारी लांब केशरी पिशवी खांबावर फुगलेली दिसली, आणि माझ्या नाकात एकदम नव्या लुगड्याच्या खळीचा वास भरला.

मी लहान होते तेव्हा होटगी रोडच्या या विमानतळावर नुसती धावपट्टी, गवत आणि कडेला आमची खोली. वडील तिथले राखणदार. एकदा सकाळी छोटं विमान यायचं होतं आणि वाऱ्याने पिशवीच्या चिंध्या झालेल्या. वैमानिकाला वाऱ्याची दिशा कळणार कशी? आई घरी चादरींच्या कडा शिवायची. तिने चांगली जाडजूड सोलापुरी चादर घेऊन पिशवी शिवली. वर चढवली, तर ती भिजलेल्या बाहीसारखी लोंबत राहिली.

"वारं हाय, पन ही हालंना की," वडील रडवेले झाले.

आईने पेटीतलं माहेरचं कोरं केशरी लुगडं काढलं आणि कात्री चालवली. मला रडू आलं होतं. पण पिशवी वर गेली, फुगली, आडवी झाली. विमानाने एक घिरटी घातली आणि ते अलगद उतरलं. आई कंबरेवर हात ठेवून उभी, जणू तिनेच त्याला खाली बोलावलं होतं.

परवाही ती तशीच खिडकीबाहेर बघत होती.

"कापड हलकं घेतलंय," ती म्हणाली. "शिकली म्हनायची मान्सं."