लिंबाजवळच्या दोन खुंट्या

हसणार नाही अशी शपथ घ्या, मग सांगतो. नाही, राहू द्या शपथ, उगाच मोडावी लागेल. चहा तेवढा ओता आधी. ही फजिती कोरड्या घशानं सांगण्यासारखी नाही.

तुम्हाला माहीतच आहे, जमीन मोजणीच्या खात्यात मी बत्तीस वर्षं काढली. वैजापूर झालं, सोयगाव झालं, पाचोडला तर चार वर्षं होतो. माझं खरं नाव आता बँकेतल्या लोकांनाच ठाऊक असेल, बाकी सगळ्यांना मी मोजणीसाहेब. या नोकरीनं मला दोन गोष्टी दिल्या. एक गुडघेदुखी, आणि दुसरी म्हणजे वाकडी रेघ न बघवण्याची खोड. लग्नाच्या पंगतीत पत्रावळ्या वाकड्या मांडलेल्या दिसल्या, की वरण येईपर्यंत मी आजूबाजूच्या पाच-सहा सरळ करून टाकतो. आमची ही कपाळाला हात लावते आणि म्हणते, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

तर आमचे शेजारी डॉक्टर जोशी. दातांचे डॉक्टर, स्वभावानं गरीब, आणि बारा वर्षांपासून गोल्फचं वेड. आता गोल्फ म्हणजे काय म्हणाल, तर आपण लहानपणी गोट्या खेळताना गल करायचो ना, तेच. फक्त गल, तिला तिथं होल म्हणतात, नजरेच्या टप्प्याबाहेर, आणि गोटी बोटानं न मारता काठीनं मारायची. कमीत कमी फटक्यांत जो सगळ्या गली पुऱ्या करील तो जिंकला. बारा वर्षांत डॉक्टरांना क्लबचा कप एकदाही मिळाला नव्हता. दोनदा दुसरे आले, एकदा तर पाय मुरगळून घेऊन आले.

यंदा त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलेलं. वहिनींनी निक्षून सांगितलेलं, की ऑपरेशन झालं की ती काठ्यांची पिशवी माळ्यावर जाईल आणि परत खाली यायची नाही. म्हणजे यंदाची स्पर्धा शेवटची. डॉक्टर तसं बोलून दाखवत नव्हते, पण संध्याकाळी गच्चीवर एकटेच हवेत काठी फिरवताना दिसायचे. मला फार वाईट वाटायचं. आणि मला वाईट वाटलं की मी मदत करायला जातो. गोची तिथंच होते.

प्रत्येक गोल्फच्या मैदानाचे म्हणे आपापले स्थानिक नियम असतात. कुठं वारुळं असतात, कुठं मधूनच नाला जातो, त्याप्रमाणं स्पर्धेच्या आधी नियमांचा कागद काढतात. स्पर्धेचे प्रमुख होते एक निवृत्त कर्नल. त्यांना तो कागद यंदा मराठीत हवा होता. डॉक्टर म्हणाले, आमच्या शेजारी एक गृहस्थ आहेत, हद्दीची भाषा त्यांच्याइतकी कुणाला येत नाही. झालं! तीन दिवस बसून मी अकरा नियम लिहून काढले. पहिला नियम असा, की पांढऱ्या खुंट्या ही मैदानाची हद्द. चेंडू त्यांच्या पलीकडं गेला तर एक फटका दंड, शिवाय जिथून मारला तिथंच परत जाऊन मारायचा. आणि सातवा नियम असा: 'शेवटच्या होलजवळील लिंबाचे झाड मैदानाच्या हद्दीत आहे. त्याच्या उघड्या मुळांत चेंडू अडकल्यास दंड न घेता उचलून बाजूस ठेवावा.'

हा नियम माझ्या हातचा. माझ्या अक्षरातला. वळणदार. कर्नलसाहेब वाचून म्हणाले, "अगदी सरकारी राजपत्र वाटतंय." मी आठ दिवस फुगून होतो.

स्पर्धेच्या दिवशी डॉक्टर मला बरोबर घेऊन गेले. ते सरावाला लागले आणि मी हिंडत हिंडत शेवटच्या होलकडं गेलो. कोवळं ऊन, गार वारा, मैदान सगळं दवानं भिजलेलं. एका बाजूला पांढऱ्या खुंट्यांची रांग, पलीकडं बारका नाला, आणि नाल्यापलीकडं मोसंबीच्या बागेचं तारेचं कुंपण. मी सवयीनं एक डोळा मिटला आणि रांगेवरून नजर टाकली.

रांग वाकडी होती हो! सगळ्या खुंट्या कशा शिस्तीत, आणि मधल्याच दोन एका लिंबाला वळसा घालून नाल्याकडं गेलेल्या. कुणीतरी आळशी माणसानं आपल्या सोयीनं ठोकल्या असणार, दुसरं काय? मी म्हटलं, आज शहरातले मोठमोठे लोक येणार, काय म्हणतील? डॉक्टरांच्या गाडीतून सुतळी आणली. दोन्ही टोकांच्या खुंट्यांना ताणून बांधली. मधल्या दोन उपटल्या आणि सुतळीच्या रेषेत, लिंबाच्या अलीकडं, दगडानं ठोकून बसवल्या. जुनी भोकं मातीनं बुजवली, वरून बूट फिरवला. काम कसं नीटनेटकं पाहिजे. परत एक डोळा मिटून पाहिलं तर रेघ अशी, की वाटलं आता नोकरीवर परत घ्यावं मला.

आणि तो सातवा नियम? तो माझ्या खिशात होता. घडी घालून.

तुम्ही म्हणाल, स्वतः लिहिलेलं कसं विसरलात? अहो, बत्तीस वर्षं मी कागद एका हातानं लिहिला आणि जमीन दुसऱ्या हातानं मोजली. दोन्ही हातांची भेट क्वचितच व्हायची.

दुपारी साडेबाराला डॉक्टर शेवटच्या होलवर आले ते एका फटक्यानं पुढं राहून. वाळूजचा एक कारखानदार खेळ संपवून सावलीत बसला होता, त्याला काय ते हरवायचं होतं. डॉक्टरांनी काठी उचलली, कंबर फिरवली, आणि बहुतेक खुब्यानं दगा दिला. चेंडू डावीकडं गेला, लिंबाच्या बुंध्यावर आपटला आणि खाली मुळांत जाऊन बसला.

डॉक्टर तर खूश! सातवा नियम त्यांना पाठ होता. लंगडत लंगडत गेले, कागद काढला, चेंडू उचलायला वाकले. तेवढ्यात त्यांच्याबरोबर खेळणारा म्हणाला, "थांबा डॉक्टर. चेंडू खुंट्यांच्या पलीकडं आहे. बाहेर गेला."

सगळे जमले. कर्नलसाहेब आले. त्यांनी कागद वाचला, खुंट्या पाहिल्या, परत कागद वाचला. म्हणाले, "कागद म्हणतो झाड आत आहे. खुंट्या म्हणतात झाड बाहेर आहे. यातलं खोटं कोण?"

हे वाक्य मी नोकरीत हजार वेळा ऐकलं होतं. पण त्यातलं खोटं मीच निघालो तो पहिल्यांदाच. डॉक्टरांकडं बघवेना. चेंडू बाहेर धरला, तर दंडाचा फटका आणि मागं जाऊन मारायचं, म्हणजे कप गेलाच. बारा वर्षं गेली, आणि पिशवी माळ्यावर. ते सगळं माझ्या दोन खुंट्यांमुळं.

तेव्हाच बोलायला हवं होतं, कबूल. पण मी खिशातला कागद काढून वाचायचं सोंग केलं. मग काय, गोष्ट वाढतच गेली. कर्नलसाहेबांना झाडापलीकडं ताजी माती दिसली. त्यांनी काठीनं उकरलं, भोक सापडलं. दुसरंही सापडलं. ते म्हणाले, "म्हणजे कुणीतरी मुद्दाम सरकवल्यात. आणि पक्का माणूस आहे, भोकंसुद्धा बुजवलीत." मग माझ्याकडं वळले. "मोजणीसाहेब, तुम्ही यातले जाणकार. काम कुणाचं वाटतं?"

आता गप्प बसावं की नाही माणसानं? मी खाकरलो आणि म्हणालो, "कुणाचं ते सांगता येत नाही. पण रेघ मात्र अगदी सरळ आहे."

कुणीतरी नाल्यापलीकडं बोट केलं. म्हणालं, त्या बागवाल्याचं काम असणार. रोज त्याच्या बागेत चेंडू पडतात, त्याचा राग काढला. आणि बांध सरकवायची त्याची जुनीच खोड आहे, हे आख्ख्या पंचक्रोशीला माहीत आहे. कर्नलसाहेबांनी माणूस पाठवून बागवाल्याला बोलावून घेतलं.

तो आला, आणि माझे गुडघे दुखायचेही थांबले. सांडूअण्णा!

हा सांडूअण्णा कोण ते सांगतो. अठरा वर्षांपूर्वी याच बागेचा आणि त्याच्या चुलतभावाच्या शेताचा बांध मोजायला मीच आलो होतो. दगड दोन हात सरकलेले निघाले. अण्णा हात जोडून म्हणाला होता, "साहेब, सरकवला नाय, नुसता सरळ केला. वाकडा होता." त्यावर मी गावासमोर मोठ्यानं हसलो होतो. म्हणालो होतो, "सरळ करणारेच लई झालेत, म्हणून तर आम्हाला मोजणीला यावं लागतं." सगळं गाव हसलं. मोजणी माझी बरोबरच होती, तिच्यात वितभराचा फरक नव्हता. पण त्या दिवसापासून अण्णाला नाव पडलं ते पडलंच.

तर आता अण्णा माझ्यासमोर उभा. डोक्याला उपरणं, पाय चिखलानं भरलेले. सकाळपासून बागेला पाणी देत होता म्हणे. सकाळपासून! कुंपणापासून लिंब तीस पावलांवर. त्यानं मला सुतळी ताणताना पाहिलं होतं, हे मला त्याच्या डोळ्यांतच दिसलं.

कर्नलसाहेबांनी दरडावून विचारलं, खुंट्या कुणी हलवल्या. पोलिसांचंही नाव काढलं. अण्णानं खुंट्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि अगदी शांतपणे म्हणाला, "मी काय सांगू? साहेब हायेत की हितं. हद्दीचं समदं त्यांनाच कळतं. त्यांना इचारा."

बास. त्यानं नाव घेतलं असतं तर कदाचित मी नाकबूलही झालो असतो, माणसाचं काही सांगता येत नाही. पण त्यानं निवाडा माझ्यावरच सोपवला. मग मात्र माझ्यानं राहवेना.

"मी सरकवल्या," मी म्हणालो. "म्हणजे सरकवल्या नाहीत हो, नुसत्या सरळ केल्या. वाकड्या होत्या."

बोललो, आणि माझंच वाक्य माझ्या कानावर आलं. अठरा वर्षं जुनं. शब्दसुद्धा तेच.

अण्णा उपरण्यानं तोंड पुसत हळूच म्हणाला, "सरळ करणारेच लई झालेत, साहेब."

बाकी कुणाला काही कळलं नाही. मला मात्र असं वाटलं, की त्या बुजवलेल्या भोकात मावलो असतो तर बरं झालं असतं.

कर्नलसाहेबांनी परत तो कागद पाहिला, मग मला पाहिलं. मग त्यांना हसू आलं ते आवरेना. म्हणाले, तीस वर्षं मी लष्करात काढली, पण स्वतःच्याच हुकमावर स्वारी करणारा माणूस आज पाहिला. भोकं सापडलेलीच होती. खुंट्या उपटून जुन्या जागी लावल्या, आणि चेंडू चांगला हातभर आत आला. भोकं बुजवताना मी नुसता वरवर बूट फिरवला होता, माती दाबून बसवली नव्हती, हा माझा आयुष्यातला एकमेव उपयोगी आळस. सातव्या नियमानं डॉक्टरांनी चेंडू उचलून बाजूला ठेवला, दंड नाही, काही नाही. कारखानदारानंही सावलीतूनच हात हलवून मान्य केलं.

पुढचे तीन फटके मी डोळे मिटून काढले. दोन्ही डोळे. शेवटच्या फटक्याला टाळ्या ऐकू आल्या तेव्हा उघडले, तर डॉक्टर जमिनीवरच बसलेले आणि रडत हसत होते. एका फटक्यानं जिंकले! माझ्या छातीवरून धोंडा उतरला म्हणतात तसं झालं. डॉक्टरांनी मला मिठी मारली आणि कानात सांगितलं, "आता बक्षीस समारंभ होईपर्यंत हात खिशात ठेवा."

समारंभात कर्नलसाहेबांनी माझ्याच कागदावर माझ्याच पेनानं बारावा नियम लिहिला आणि माइकवर वाचून दाखवला: 'खुंट्या वाकड्या दिसल्या तरी वाकड्याच राहू द्याव्यात.' त्यावर कपापेक्षा जास्त टाळ्या पडल्या.

मी दोन कप चहा घेतला आणि नाला ओलांडून कुंपणाशी गेलो. अण्णा पाणी दुसऱ्या आळ्यात वळवत होता. मी विचारलं, सकाळी सगळं पाहिलं होतंत, मग सांगितलं का नाही?

अण्णानं चहाचा घोट घेतला. म्हणाला, "माज्यावर कोण इश्वास ठिवणार, साहेब? मी बांध सरकवणारा माणूस."

त्याला राग नव्हता आला, साधं सांगितल्यासारखं तो बोलला. तेच जास्त लागलं. मी म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी मोजणी बरोबर होती. पण मी हसायला नको होतं. चुकलं माझं." कुंपणाच्या तारेवरून त्याचा चिखलाचा हात हातात घेतला. अठरा वर्षांत ही चूक आहे हेच मला माहीत नव्हतं, आणि ती कबूल केल्यावर इतकं हलकं वाटेल हेही माहीत नव्हतं. अण्णा हसला. दोन मोसंब्या तोडून माझ्या खिशात कोंबल्या.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. काय विचारलं असेल, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

हां, एक राहिलंच. निघताना अण्णानं मागून हाक मारली होती. म्हणाला, "साहेब, जाता जाता त्या कोपऱ्यातल्या तारंच्या खांबाकडं बघू नका. वाकडा हाय, पण जाग्यावर हाय."

मी नाही हो बघितलं. खरंच नाही बघितलं.

म्हणजे, एकाच डोळ्यानं बघितलं.