अस्तर भिजवायला

शिंपीणबाईंचा शब्द म्हणजे त्या गल्लीत काळ्या दगडावरची रेघ. कोट शिवावा तर त्यांनी, आणि पोरं वाढवावीत तीही त्यांनीच, असं निदान त्यांचं स्वतःचं तरी मत होतं. थोरली भिंगरी आणि तिचा धाकटा भाऊ बाळ, दोघांनाही शाळेत घालायचं नाही आणि घरातही शाळा मांडायची नाही. पोरं आपसूक शिकतात! टेपनं टेबल मोजतात, बटणं रंगवार लावतात, चिंध्यांच्या बाहुल्यांना बाह्या जोडतात. घरात टीव्ही नव्हता, आणि फोन कात्रीसारखाच उंच फळीवर, पोरांचा हात पुरणार नाही असा. कपडे न्यायला आलेली एखादी आई रडक्या पोराच्या हाती फोन द्यायला लागली की बाईंची मशीन थांबायची. "अहो, कशाला देता ते डबडं? डोळ्यांबरोबर डोकंही जाईल त्याचं!" ती बिचारी ओशाळून फोन पर्समध्ये कोंबायची आणि पोरगं भोकाड पसरायचं.

आणि स्वतः बाई? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्याचं असं की, कोटाच्या अस्तराचं सुती कापड कापायच्या आधी भिजवून घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यातच आटतं आणि अख्खा कोट आखडतो. आता कापड बादलीत बुडवायला असा कितीसा वेळ लागणार? पण बाई "मी जरा अस्तर भिजवून येते गं" म्हणायच्या, कापडाच्या घडीत फोन गुंडाळायच्या, न्हाणीघरात शिरून आतून कडी लावायच्या आणि दुसरी बादली पालथी घालून तिच्यावर बसायच्या. मग कानात इअरफोनची बोंडं घालून मालिका! कुठल्याशा सासूनं कुठल्याशा सुनेचा मांडलेला छळ एकदा बघायला लागल्या की एका भागावर भागायचं नाही. बाहेर येताना हात मुद्दाम ओले करून यायच्या. लाज वाटायची नाही असं नाही, चांगली वाटायची. पण दिवसभर मशीन, पोरं, गिऱ्हाइकं, तेवढाच काय तो विरंगुळा, असं म्हणून त्या लाजेला थोपटून निजवायच्या.

सगळं ठीक चाललं होतं, पण भिंगरीला वाचता येत नव्हतं आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. नवऱ्याची मोठी बहीण शाळेत शिकवायची. "पोरीचं वाटोळं करताय दोघं मिळून," असं ती भावाला येता-जाता ऐकवायची. शेवटी नवरा कंटाळला. म्हणाला, "रविवारी ताई येईल आणि भिंगरीला बघेल. पोरीला काही येत नाही असं ती म्हणाली, तर सोमवारी शाळा. मग माझ्याशी वाद घालायचा नाही." बाईंचा जीव टांगणीला लागला. शाळेपेक्षाही त्यांना गल्लीची भीती होती. ज्यांना ज्यांना उपदेश पाजला, ती सगळी हसणार होती.

रविवारी वन्सं आल्या. चहाही न घेता त्यांनी कापायच्या टेबलावर काळं कापड पसरलं आणि शिंपीणबाईंचा खडू उचलला.

"भिंगरे, तुला येईल ते लिही. आत्या रागावणार नाही हं."

भिंगरी टेबलावर पालथी पडली. जीभ बाहेर काढून, कोपरानं कापड दाबून, बराच वेळ गिरवत राहिली. मग उठून बसली. कापडावर वाकडंतिकडं पण स्वच्छ लिहिलेलं होतं: पुढील भाग.

"अगं बाई!" वन्संनी चष्मा वर केला. "'ढ'सुद्धा बरोबर काढलाय की! आणि मी हिलाच ढ समजत होते."

बाईंना आभाळ ठेंगणं झालं. "बघितलंत ना वन्सं? कुणी शिकवलं? कुणी नाही! आपसूक!"

"वाच बरं," वन्सं म्हणाल्या.

"पुढीऽऽल भाग. हं, आता बघू कशी वाचतेय ही!" भिंगरीनं वाचलं, ते हुबेहूब आईच्या आवाजात.

बाईंनी चटकन न्हाणीघराकडं पाहिलं. कानात बोंडं घातली की माणूस स्वतःशी किती मोठ्यानं बोलतं ते त्याचं त्यालाच कळत नाही. न्हाणीघराला मागच्या अंगाला एक खिडकी होती, आणि खिडकीखाली जुनं स्टूल.

"कोण वाचतेय गं? कुठं पाहिलंस हे?" वन्संनी विचारलं.

भिंगरीनं आईकडं पाहिलं. मग आत्याकडं वळून, पापणीही न हलवता म्हणाली, "कुठं नाही. माझं मला आलं."

तो सूर बाईंच्या ओळखीचा होता. ओले हात पदराला पुसत "झालं गं भिजवून" म्हणताना त्यांचा स्वतःचा लागायचा, तोच. आत्ता बोलावं, खरं काय ते सांगून टाकावं, असं अगदी ओठांपर्यंत आलं. पण नवरा पोरीची पाठ थोपटत होता, वन्सं "हरले बाई, हरले" म्हणत होत्या, आणि बाई गप्प राहिल्या.

वन्सं गेल्या. नवरा त्यांना पोचवायला गेला. बाई मशीनवर बसल्या खऱ्या, पण सुईत दोरा जाईना. भिंगरी हळूच आली आणि आईला खेटून उभी राहिली.

"मी नाही सांगितलं, आई."

बाईंना तिच्याकडं बघवेना.

"तू जा अस्तर भिजवायला. बाळ आला तर मी सांगते त्याला, आई कामात आहे म्हणून," ती समजुतीनं म्हणाली. "फक्त मान जरा बाजूला ठेव हं. काल मला शेवटचं अक्षर दिसलंच नाही."