पिंजऱ्याच्या आकड्याला घासलेट

अख्ख्या नवघरात उंदीर पकडावा तर मीच. म्हणजे पास्कू राहायला येईपर्यंत — आणि त्याच्या आधीपण, खरं सांगू, निम्मे उंदीर माझ्या पिंजऱ्यातली भजी खाऊन सुखरूप घरी जायचे. हसा. पण पुढचं कुणाला बोललेलो नाही, बायकोलासुद्धा नाही.

सत्तर सालाच्या पुढची एक-दोन वर्षं. मी मिठागरावर पाट्या उचलायचो. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, सही म्हणजे अंगठा. आमची आठ खोल्यांची चाळ, आणि सगळ्यांत मिळून एकच तारेचा पिंजरा — तो माझ्याकडं. कुणाकडं खुडबुड झाली की बायका हाक मारायच्या, दगडूभावजी, पिंजरा लावा ना. भावजी! दिवसभर मुकादमाच्या शिव्या खाल्लेल्या माणसाला ते किती गोड लागतं, तुम्हाला काय सांगू?

मग पास्कू आला. तारोडीचा कोळी, भांड्यांच्या कारखान्यात लागला म्हणून चाळीत खोली घेतली. सुके बोंबील राखण्यात वाढलेला, त्याला उंदरांची सगळी खबर. पिंजरा हुंगून म्हणाला, ह्याला आधीच्या उंदरांचा वास मारतोय, कोण शिरणार? राखेनं घासला, उकळतं पाणी ओतलं, उन्हात टाकला. आकड्याला भाजलेला बोंबील. खोलीच्या मधे नाही, भिंतीला चिकटवून — उंदीर कडेकडेनंच पळतो म्हणे. आणि पहिले दोन दिवस दार बांधून उघडंच ठेवलं. खाऊ दे, सवय होऊ दे. तिसऱ्या दिवशी दार सोडलं — आणि मग रोज एक, कधी दोन.

पिंजरा त्याच्याच दारात राहिला. हाकापण तिकडंच. माझी बायको भाकरी थापताना म्हणायची, पास्कूभावजींचं काम किती स्वच्छ. मी भाकरी चावतोय की नुसते दात, मलाच कळेना. उंदरांवरून कुणी कुणावर जळतं काय? मी जळलो ना.

शेजारच्या जानकीवहिनींच्या मुलीचं लग्न ठरलं. शालू ट्रंकेत, ट्रंकेचा तळ गंजून भोक पडलेला. म्हणून पास्कूनं पिंजरा त्यांच्याकडं लावला. त्या आठवड्यात त्याला ओव्हरटाइम, बघायला फुरसत नाही. आणि मी — मी रोज संध्याकाळी चौकशीला म्हणून जायचो, आणि घासलेटचं बोट आकड्याला लावून यायचो. एवढंच. एक बोट. त्या वासाला उंदीर फिरकेल कसा? वर चाळभर विनोद करत हिंडलो — पास्कूच्या उंदरांचा उपास चाललाय. लोक हसले. मी हसवतोच.

पाचव्या दिवशी शालूचा पदर कुरतडलेला निघाला. वहिनी पास्कूला नाही नाही ते बोलल्या. तो मान खाली घालून उभा. म्हणाला, चुकलं असंल माझं. आणि पिंजरा माझ्या हातात दिला.

मी काय केलं? राखेनं घासला. उकळतं पाणी. ऊन. भिंतीची कड. दोन दिवस दार बांधून — सगळं त्याचंच. उंदीर सापडला. वहिनींनी मला शिरा दिला. मी तो खाल्ला, वाटी चाटून. पोरगी ठिगळ आत दुमडून बोहल्यावर उभी राहिली, आणि मी पंगतीत वाढत होतो — दगडूभावजी!

महिन्याभरात पास्कू खोली सोडून तारोडीला गेला.

काही वर्षांनी भाईंदरच्या बाजारात दिसला, बोंबलांची टोपली घेऊन बसलेला. मी इकडचं तिकडचं बोललो, एक विनोदपण केला. तो हसला नाही.

"पिंजरा तुला दिला ना, तवाच घासलेटचा वास आलेला," तो म्हणाला. "उंदराला येतो, मना न्हाय येनार?"

मग बोलला का नाहीस — कसंबसं तोंडातून निघालं माझ्या.

त्यानं वरपण बघितलं नाही.

"तुझ्याकडं त्या पिंजऱ्याबिगर दुसरं हाय काय?"