चेंसाच्या दुकानात निळा दोरा

चेंसा झेराफा ही आमच्या गावातली शिंपीण. वय साठीच्या पुढे, चष्मा कपाळावर, तोंडात टाचण्या. तिच्या दुकानातल्या फळीवर सगळ्या रंगांचे दोरे होते, निळा सोडून.

माल्टातल्या बऱ्याच गावांप्रमाणे आमच्याही गावात दोन बँड क्लब आहेत, आपापल्या संताच्या जत्रेत वाजवणारे. लाल संत रोकचा, निळा संत फिलिपचा. दोघे चौकात समोरासमोर. चेंसा जन्माने लाल. ऑगस्टच्या जत्रेत संत रोकपुढे चालणारी मखमली पताका तिनेच शिवलेली. कुणी नवखी बाई निळं कापड घेऊन आली, तर चेंसा म्हणायची, "मशीन बिघडलंय." दुसऱ्या दिवशी तेच मशीन लाल कापडावर धडधडत असे.

यंदा तिच्या बहिणीची मुलगी रित्येन टीव्हीवरच्या राष्ट्रीय गाण्याच्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोहोचली. जिंकणारा देशाच्या वतीने युरोपच्या स्पर्धेत गातो. जानेवारीत ती दुकानात आली.

"मावशी, झगा तूच शिवायचा."

"शिवते की. लाल मखमल आहेच घरात."

"लाल नको. मंच सगळा लाल आहे. पडदेसुद्धा. लाल घातला तर नुसतं माझं मुंडकं गाताना दिसेल."

"मग पांढरा."

"पांढऱ्यात लग्नाला आल्यासारखी दिसेन. गाणं समुद्रावर आहे, टीव्हीवाल्यांना निळा हवाय."

"हिरवा?"

"मावशी, समुद्रावर गायचंय, शेवाळावर नाही."

चेंसाने टाचण्या तोंडातून काढल्या. "दुसरी शिंपीण बघ मग."

"बघेन. पण आईच्या लग्नाचा झगा तू शिवलास, चर्चमधल्या माझ्या पहिल्या कम्युनियनचा तू शिवलास. टीव्हीवर उभी राहताना परक्या बाईचा घालू?"

चेंसाने मापपट्टी गळ्यात अडकवली. याचा अर्थ होकार.

अडचण वेगळीच होती. जुनी पताका विरली होती आणि नवी कुणाकडे द्यायची हे क्लब त्याच महिन्यात ठरवणार होता. चेंसाला ती हवी होती. तिच्या मते तिच्या हातची ती शेवटची असणार होती.

गावात बोभाटा नको म्हणून ती निळा दोरा आणायला बसने राजधानीला गेली. बसमध्ये अर्धं गाव होतं. संध्याकाळपर्यंत दोन्ही क्लबांना बातमी लागली. लाल क्लबचा अध्यक्ष साल्वू दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला.

"काय चेंसा, मशीन दुरुस्त झालं म्हणे?"

"तेल घातलं."

"निळं तेल मिळतं का हल्ली?"

"तुझ्या जिभेला लागेल एवढं उरलंय. हवंय?"

साल्वू हसला नाही. "शेजारच्या गावची रोझारिया पताका चांगली शिवते म्हणतात," एवढं बोलून निघून गेला.

स्पर्धेच्या शनिवारी मी लाल क्लबच्या बारमध्ये होतो. चेंसा कोपऱ्यात, पेल्यातला चहा समोर ठेवून. तिच्या टेबलावर दुसरं कुणी बसलं नव्हतं. फोनवरचं मतदान पहिल्या गाण्यापासूनच सुरू होतं. रित्येन निळ्या झग्यात मंचावर आली, आणि समोरच्या निळ्या क्लबातून आरोळी उठली. त्यांच्या गच्चीवरून फटाके उडाले. खिडक्यांची तावदानं थरथरली.

"बघा, त्यांनी घेतली आपली पोरगी," कुणीतरी म्हणालं.

"फोन खाली ठेवा सगळ्यांनी," साल्वू म्हणाला. त्याच्या हातातली चीज भरलेली खुसखुशीत पास्तिझी तशीच राहिली. "निळ्याला मत नाही."

शेवटचं कडवं आलं. मंचावरचा मोठा पंखा सुरू झाला, रित्येनने गिरकी घेतली आणि झग्याचा घेर वर उडाला. अस्तर लाल होतं. संत रोकच्या पताकेचं लाल, काठावर पताकेवरचे सोनेरी तारे.

बारमध्ये एक खुर्ची पडली.

"बघत काय बसलात?" साल्वू ओरडला. "फोन उचला!"

"तूच ठेवायला सांगितलंस!"

"मी सांगितलं म्हणून तुम्ही ऐकता कधी?"

आता आमच्या गच्चीवरून फटाके उडाले. समोरून आवाज आला, "फसवलं! मतं परत द्या!" दिलेली मतं परत मिळत नाहीत.

अस्तर लाल का, असं मी चेंसाला विचारलं. "अख्खा झगा निळा शिवायला हात वळेना," ती म्हणाली. "आतून कोण बघतंय म्हटलं. पंखा लावणार हे मला कुणी सांगितलं?"

रित्येन दुसरी आली. पहिला गोझो बेटावरचा एक मुलगा. आमच्या लोकांच्या मते निळ्यांनी मध्येच मतं थांबवली म्हणून घात झाला. निळ्यांच्या मते लाल उशिरा जागे झाले. रविवारी तिच्या स्वागताला दोन्ही बँड चौकात आले आणि एकाच वेळी दोन वेगळी गाणी वाजवू लागले. रित्येन मधोमध उभी राहून दोन्ही बाजूंना हात हलवत होती. तिला कुठलंच गाणं नीट ऐकू आलं नसावं.

त्याच आठवड्यात साल्वू मखमलीचा गठ्ठा घेऊन चेंसाकडे आला. रोझारियाचं नाव कुणी काढलं नाही.

जुलैमध्ये पताका तयार झाली. साल्वू ती न्यायला आला तेव्हा मी पँट आखूड करायला गेलो होतो, म्हणून पाहिलं. साल्वूने सोनेरी भरतकामावरून बोट फिरवलं, मान डोलावली, क्रूसाची खूण केली. मग चेंसाची पाठ वळलीय असं समजून पताकेचा कोपरा हळूच उलटला आणि खालून अस्तर बघितलं.

"लालच आहे," चेंसा मागे न वळता म्हणाली. "आता दुसरा कोपरा बघ."

साल्वूने दुसराही बघितला.