उशाखालचं पायताण

मला किळस फार येते. भांड्याला राहिलेला ओशटपणा, दुसऱ्याच्या कंगव्यातले केस, एसटीच्या खिडकीवर वाळलेली पिचकारी, यांतलं काहीही दिसलं की मी हात धुवायला उठते. नवरा म्हणतो, तुझ्या हाताच्या रेषासुद्धा साबणानं पुसल्या गेल्या असतील. म्हणू दे. त्याला कुठं माझं स्वप्न पडतं.

स्वप्न एकच आहे आणि ते लहानपणापासून पडतं. माझ्या तोंडात गोचीड असतात. रक्त पिऊन टरारलेले, करडे, गुळगुळीत. थुंकावेत तर आणखी निघतात, दातांच्या फटीतून, जिभेखालून. दात मिटले तर फुटतील म्हणून मी तोंड उघडं ठेवते. आम्ही जत तालुक्यातले, मेंढरंवाले. मेंढरांच्या कानामागचे गोचीड काढायचं काम घरातल्या पोरींकडं असायचं. काढायचा, दगडावर ठेवायचा आणि दुसऱ्या दगडानं फोडायचा. बोटांना लागलेलं ते काळपट रक्त आठवलं की आजही मला जेवण जात नाही.

पण स्वप्न परवडलं. त्याच्यानंतरचं परवडत नाही. मी जागी होते, डोळे उघडतात, पंखा दिसतो, भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं, आणि अंग हलत नाही. बोट नाही, मान नाही, जीभ नाही. छातीवर कुणीतरी बसलेलं असतं आणि खोलीभर ओल्या लोकरीचा वास येतो. हाक मारायला जावं तर घशात नुसतं घुं घुं होतं. मग कधीतरी आपोआप सुटतं. सुटलं की मी मोरीत जाऊन चुळा भरत बसते.

यावरचे उपाय त्याहून घाण. आम्ही माधवनगरला भाड्यानं राहतो. घरमालकीण म्हणाली, मागं बंद पडलेली गिरणी आहे, तिथलंच काहीतरी असणार. तिनं कुंकू भरलेलं लिंबू पलंगाखाली ठेवायला दिलं. ते सडलं, त्यातून पाणी सुटलं आणि पलंगाखाली मुंग्यांची रांग लागली. मी सांगलीत हळदीच्या अडत दुकानात कॉम्प्युटरवर बसते. तिथल्या एका बाईनं कुठल्याशा देवऋष्याचा अंगारा आणून दिला, चिमूटभर जिभेवर ठेव म्हणाली. पुडी उघडली तर राखेत केस. मी पुडीसकट तो गटारात टाकला आणि कोपरापर्यंत हात धुतले.

शेवटी डॉक्टरकडं गेले. त्यांनी याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात असं सांगितलं. झोपेत शरीर सैल पडलेलं असतं, कधी मेंदू आधी जागा होतो आणि शरीर मागं राहतं, एवढंच. जिवाला धोका नाही. उताणं झोपू नका, झोपायची वेळ बदलू नका, अंथरुणात मोबाइल नको, आणि असं झालंच तर घाबरून सगळं अंग हलवायला जाऊ नका, श्वासाकडं लक्ष द्या आणि एखादं बोट हलतंय का बघा. हे सगळं मी केलं आणि बराच फरक पडला. बंद मात्र झालं नाही. नाव कळलं म्हणून तोंडातले गोचीड गोड लागत नाहीत.

लहानपणीचा उपाय तर विचारूच नका. आई माझ्या उशाखाली पायताण ठेवायची. चामड्याचं, टायरच्या तळाचं, दिवसभर लेंड्यांतनं आणि चिखलातनं फिरलेलं. त्यावर फक्त एक फडकं आणि फडक्यावर माझं डोकं. मी रडायचे, उलटी काढायचे, पण ती ऐकायची नाही. मला ही किळस कुठून लागली असं कुणी विचारलं तर मी त्या पायताणाकडं बोट दाखवेन.

तीच आई गेल्या हिवाळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं आली. तिचा एक डोळा कधीचाच निकामी झालाय, त्यामुळं हा एवढाच. ऑपरेशन चांगलं झालं. ऑपरेशनच्या बाजूच्या कुशीवर काही दिवस झोपायचं नाही, असं तिथं बजावून सांगितलं होतं. दुसऱ्या कुशीवर तिला होता येत नाही, त्या खांद्याचं हाड मोडून वाकडं बसलंय. म्हणजे राहिलं उताणं. आई मान हलवून घरी आली आणि झोपायचीच बंद झाली. भिंतीला टेकून बसायची, पेंगायची, दचकून उठायची आणि उठली की डोळा चोळायची. डोळा लाल झाला, त्याला चिपडं धरायला लागली. ती कापसानं पुसताना मी श्वास रोखून धरायचे. दाखवायला नेलं तर डॉक्टर माझ्यावरच चिडले. असाच चोळत राहिल्या तर हातचा डोळा जाईल, म्हणाले.

घरी येऊन मी तिला नको नको ते बोलले. "आंधळी झालीस म्हंजे बसशील चाचपत," इथपर्यंत गेले. ती ताटात तूर घेऊन खडे निवडायला बसली, तेसुद्धा बोटांनी चाचपत. मी रागारागात तिथंच चटईवर आडवी झाले. रविवारची दुपार होती, नवरा बाहेर गेला होता. डोळा कधी लागला कळलं नाही, आणि उताणी पडलेय हेही कळलं नाही.

जागी झाले तेव्हा आई समोर दिसत होती, ताट दिसत होतं, आणि छातीवर ते बसलं होतं. मी बोट हलवून बघितलं, हललं नाही. आई खडे टाकत होती. तिला हाक मारायची होती, आणि तोंडात गोचीड आहेत असंच वाटत होतं. एवढ्यात तिनं मान वर केली, काळ्या चष्म्यातनं माझ्याकडं बघितलं, ताट बाजूला सारलं आणि बसल्या बसल्या सरकत माझ्या पायाशी आली. माझ्या पायाचा अंगठा धरला आणि असा पिळून ओढला की कळ मस्तकात गेली. त्यासरशी अंग सुटलं.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"घशात घुं घुं वाजत हुतं की. मला बी आसंच हुतंय."

"कधीपासून?"

"लगीन झालं न्हवतं तवापासनं. उताणं पडलं की हुतंय. म्हणून तर मी तशी झोपत न्हाई. आन तुज्या डाक्टरला नेमकं त्येच पायजे."

मी उठून बसले. मला चूळ भरायची होती, पण आधी हे विचारायचं होतं. "मग माझ्या उशाला ते घाणेरडं पायताण कशाला ठेवायचीस? त्यानं तुझं तरी कुठं थांबलं?"

"घाणेरडं आसंना का, माजं हुतं," आई म्हणाली. "ज्येचं पायताण, त्येच्याकडं जातंय त्ये. तुज्या उशाला माजं ठिवलं की तुला सोडून माज्याकडं यायचं."

"आणि यायचं?"

"यायचं की. तुजा बाप जागा आसला तर आंगठा वढायचा. न्हाईतर पडायचं तसंच, सुटंस्तवर." तिनं ताट पुन्हा पुढं ओढलं.

मी मोरीत गेले, नळ सोडला आणि तशीच उभी राहिले. किळस आली होती, पण या वेळी गोचिडांची नव्हे. ते कुठून येत नाही आणि कुठं जात नाही, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याला पायताण ओळखता येत नाही. म्हणजे वर्षानुवर्षं ही बाई माझ्यावरचं ओझं स्वतःच्या छातीवर ओढून घेत होती आणि ते माझ्यावरून तसूभरही हलत नव्हतं. तिच्या अडाणीपणाचा मला संताप आला, आणि शहाणी म्हणून मी तिला आंधळी होशील म्हटलं त्याचाही. तिला खरं सांगावं असं ओठावर आलं होतं. सांगितलं नाही.

बाहेर येऊन मी म्हटलं, "आई, झोप उताणी. मी बसते पायाशी."

ती चटईवर आडवी झाली. कितीतरी दिवसांची जागी होती ती, पडल्या पडल्या घोरायला लागली. मी तिच्या पायाशी बसले. टाचांच्या भेगांत काळी माती इतकी मुरलेली की ती आता कातडीच झाली होती. अंगठ्याचं नख जाड, फुगलेलं, करडं. गोचीड चिकटलेला असावा तसं. मी तोंड फिरवून बसले.

बऱ्याच वेळानं घोरणं थांबलं. काळ्या चष्म्याच्या खालून पापणी थोडी उघडी दिसत होती, बुबुळ स्थिर होतं आणि घशातून तोच आवाज येत होता, माझा. मी तो अंगठा मुठीत धरला आणि जोरात ओढला. आईनं मोठा श्वास घेतला. हात डोळ्याकडं नेला नाही.

"कोण हाय?"

"मीच हाय गं," मी म्हटलं.

"सोडू नगंस," ती म्हणाली आणि पुन्हा झोपली.

संध्याकाळी नवरा आला तोवर मी तशीच बसले होते. किळस येतच होती. हात धुवायला मात्र उठले नाही.